‘बस’ म्हणजे नक्की काय?

कुत्र्यांच्या शिकवणीबद्दल पत्रं मागवली होती. आलेल्या पत्रांत कुत्रा बहुधा दुसऱ्या परिच्छेदात भेटतो. पहिला परिच्छेद ‘आमचे हे’ किंवा ‘आमची ही’ यांनी व्यापलेला असतो. मला नवल वाटलं नाही. 21 वर्षं लोकांच्या घरी जाऊन कुत्री शिकवते आहे. सुरुवातीची दहा मिनिटं नवरा-बायको एकमेकांकडे न बघता माझ्याशी बोलतात आणि कुत्रा मात्र आळीपाळीने दोघांकडे बघत असतो. तेव्हा या खेपेला उत्तरं दोन्हींची. मी विवाह-समुपदेशक नाही, कुत्र्यांची मास्तरीण आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचावं.

शंका : आमचा बंटी नऊ महिन्यांचा, गावठी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला. सोफ्यावर चढायचं नाही असं मी ठरवलंय. मी घरी असते तेव्हा चढत नाही, पण ऑफिसातून आले की सोफ्यावर केस. मिस्टर म्हणतात, ‘मी तर त्याला रोज सांगतो.’ सासूबाई म्हणतात, मुका जीव आहे, बसू दे. ‘बस’ म्हटलं तर कधी बसतो, कधी उठून चालू लागतो. हट्टी आहे का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

समाधान : ताई, हट्टी नाही, हिशेबी आहे. त्याने मांडलेलं गणित असं : ताई घरात असताना सोफा बंद, ताई गेल्या की उघडा. हे गणित तो चोख पाळतोय. तुम्हाला बेशिस्त दिसते, मला हुशार विद्यार्थी दिसतो.

आता ‘बस’कडे या. हा शब्द तुमच्या घरात कोणाच्या तोंडी कोणत्या अर्थाने येतो, ते एक दिवस मोजा. तुम्ही म्हणता ‘बस’, म्हणजे खाली टेक. चेंडू फेकून दमल्यावर मिस्टर म्हणत असतील ‘बस, बस!’, म्हणजे पुरे. सासूबाईंचं ‘बसू दे’ म्हणजे आहे तिथेच लोळू दे. पानात भात वाढताना कोणी ‘बस झालं’ म्हणतं, तेही त्याच्या कानावर पडतंच. मराठी घरातल्या कुत्र्यांची ही जुनी अडचण आहे. ‘सिट’ म्हणणाऱ्यांची कुत्री लवकर शिकतात ती त्या शब्दात काही जादू आहे म्हणून नव्हे. तो शब्द घरात दुसऱ्या कशासाठी येत नाही म्हणून.

एका संध्याकाळी तिघांनी कागद घेऊन बसा, बंटीला फिरवून आणल्यावर. ‘बस’ फक्त टेकण्यासाठी. थांबवायचं असेल तर ‘पुरे’. सोफ्यावरून खाली यायला ‘उतर’. चटईवर जायला ‘जागेवर’. कागद फ्रिजवर लावा. शब्दाच्या जोडीला हाताची खूण ठरवा, ती कुत्र्यांना शब्दापेक्षा लवकर उमगते. तो टेकला की सेकंद-दोन सेकंदांत पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा. डबा शोधत राहिलात तर तोवर तो उठलेला असतो, आणि मग त्याच्या लेखी बक्षीस उठण्याचं. डबा आधीच हाताशी ठेवा. ‘बंटी!’ असं ओरडून रागवायचं नाही. ज्याचं नाव फक्त बोलणी खाताना घेतलं जातं, तो नाव ऐकून जवळ का यावा?

सोफ्याचं म्हणाल तर दोन्ही निर्णय मला चालतील. कधीच नाही, किंवा चादर अंथरलेल्या कोपऱ्यात बोलावलं की चढायचं. चालणार नाही तो आजचा प्रकार : कधी हो, कधी नाही. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. दर वेळी दाणा मिळणाऱ्या पक्ष्याला तो बंद केल्यावर लवकर कळतं की आता काही नाही. अधूनमधून मिळणारा मात्र चोच मारतच राहतो. मटका लावणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी दोनदा वाचलं : ‘मी ठरवलंय.’ एकवचनी आहे. मिस्टरांना विचारलं होतं का? तुम्ही यायच्या आधीचा तो अर्धा तास, बूट काढून, पंखा लावून, कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून सोफ्यावर बसणं, हा त्यांचा दिवसातला एकमेव निवांत वेळ असू शकतो. असेलच असं नाही. विचारा. ‘तुम्ही त्याला बिघडवता’ असं नको. ‘संध्याकाळी तुम्ही दोघं सोफ्यावर बसता का?’ असं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

शंका : तीन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलंय. घरभर शू करतं, हाता-पायाला चावतं. मित्राने सांगितलं की शू केली त्या जागी नाक घासायचं, गुंडाळलेल्या पेपरचा एक फटका द्यायचा. घरातला प्रमुख कोण हे कुत्र्याला कळलंच पाहिजे, नाहीतर डोक्यावर बसतं. बायको मध्ये पडते. तिच्या लाडाने पिल्लू बिघडतंय असं माझं मत. बरोबर कोण? (एक वाचक, सातारा)

समाधान : बायको. पण कारण समजून घ्या, नाहीतर तुम्ही मलाही लाड करणाऱ्यांच्या यादीत टाकाल.

‘प्रमुख कोण’ ही कल्पना लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून 1947 मध्ये एक निबंध लिहिला. एकमेकांशी नातं नसलेली जनावरं एका कुंपणात कोंडली होती. ती हाणामाऱ्या करत, त्यातून कोणी वरचढ होई. पुढे डेव्हिड मीच या अमेरिकन संशोधकाने 1970 मध्ये लांडग्यांवर मोठं पुस्तक लिहिलं, त्यात ही ‘अल्फा’ची कल्पना आली आणि जगभर पसरली. मग हाच संशोधक रानातल्या लांडग्यांमध्ये बरीच वर्षं राहिला. तिथे त्याला काय दिसलं? कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. पुढारी कोण याची लढाईच नाही; आईबाप हे आईबाप असतात म्हणून पुढे असतात. 1999 मध्ये त्याने तसं स्पष्ट लिहिलं, आणि आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला. स्वतःची चूक अशी दारोदार सांगत फिरणारा माणूस मला फार आवडतो. तुमच्या मित्रापर्यंत मात्र ती दुरुस्ती अजून पोचलेली नाही.

आता फटक्याचं. पिल्लाने दुपारी शू केली, तुम्ही संध्याकाळी येऊन नाक घासलंत. त्याच्या दृष्टीने घडलं ते असं : बाबा आले, मी शेपटी हलवत दाराशी गेलो, मार बसला. महाभारताच्या आदिपर्वात हीच गोष्ट आहे. जनमेजय राजा कुरुक्षेत्रावर यज्ञ करत असताना सरमा या कुत्रीचं पिल्लू तिथे आलं. राजाच्या भावांनी त्याला बडवलं. ते रडत आईकडे गेलं; मी हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणालं. सरमा यज्ञमंडपात आली आणि तिने सरळ विचारलं, याचा अपराध काय? कोणीच उत्तर दिलं नाही. तेव्हा तिने शाप दिला तो मोठा नेमका : ज्याची चाहूल नाही असं भय तुमच्यावर येईल. कारण न कळता मार खाल्लेल्या पिल्लाची अवस्था हीच असते. भय कुठून, कधी येईल याचा पत्ता नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पहिली तीन वर्षं मीही गळफासाची साखळी वापरली. मला शिकवलंच तसं होतं. आमची अल्सेशियन कुत्री होती, राणी. पायाला चिकटून चालायची, बघणारे कौतुक करायचे. एक दिवस आईने कपाट उघडताना किल्ल्यांचा जुडगा वाजला आणि राणी पलंगाखाली गेली. साखळीचा आवाज आणि किल्ल्यांचा आवाज तिच्या कानाला एकच. त्या दिवसापासून आई कपाट उघडताना जुडगा मुठीत दाबून धरायची. राणी पुढे सहा वर्षं जगली, आईची ती सवय आजही आहे.

तर करायचं काय? पिल्लाला शू किती तास आवरते याचा ढोबळ हिशेब : जितके महिने वय, त्यात एक मिळवा. तुमच्या पिल्लाला दिवसा चार तास, तेही ताणून. म्हणून झोपून उठलं की, खाल्लं-प्यायलं की, खेळून झालं की लगेच ठरलेल्या जागी न्यायचं, एरवीही दर दोन तासांनी. तिथे केली की तिथेच खाऊ, घरात परत आल्यावर नाही. घरात झाली तर काही न बोलता पुसायचं. फिनेलने नको, ते चाटलं तर कुत्र्याला बाधतं आणि जागेचा वासही नीट जात नाही. कुत्र्या-मांजरांच्या शूसाठी एन्झाइमवालं द्रव मिळतं, ते आणा. चावणं हे दातांचं काम आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात पडून नवे येतात तोवर चावणारच. हात काढून घ्या, चावायचं खेळणं पुढे करा, फार झालं तर उठून दुसऱ्या खोलीत जा. अर्ध्या मिनिटाने परत या. चावलं की खेळ संपतो, हे त्याला कळतं.

या वयात दुसरं एक काम मोठं आहे आणि ते निसटून जातं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे जे बिनभीती पाहतं ते त्याला पुढे आयुष्यभर आपलं वाटतं. तुमच्याकडे आता फार दिवस उरलेले नाहीत. लशी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली ठेवू नका, पण कडेवर घेऊन रिक्षा दाखवा, छत्री, हेल्मेट, काठी टेकत जाणारे आजोबा, शाळा सुटल्यावरचा गलका. हे बायको आणि तुम्ही वाटून घेऊ शकता.

‘बायको मध्ये पडते’ याबद्दल. घरी पुसायचं फडकं कोणाच्या हातात असतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळलं असतं तर हे उत्तर आणखी नेमकं झालं असतं.

शंका : आमच्याकडे कारवानी कुत्रा आहे, चार वर्षांचा. जेवताना जवळ गेलं की गुरगुरायचा. मी दरडावून, ताट ओढून घेऊन ही खोड मोडली. वर्षभर एकदाही गुरगुरला नाही. गेल्या महिन्यात मात्र पुतण्या ताटाजवळून गेला तर आवाज न करता सरळ चावला. असा अचानक कसा बदलला? घरातले म्हणतात सोडून द्या. बायको आधी म्हणायची की तुमच्यामुळे झालं, हल्ली काही बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. (एक वाचक, लातूर जिल्हा)

समाधान : आधी पुतण्याचं. चाव्याला महिना झाला असला तरी रेबीजच्या इंजेक्शनांचा क्रम पूर्ण झाला का ते आज तपासा. घरचा कुत्रा आहे, लस दिलेली आहे, म्हणून चालढकल करायची नाही. चावा कोणाचाही असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि मग दवाखाना. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

आता तुमचा प्रश्न. तो बदलला नाही. त्याच्यापाशी एक वाक्य होतं, ते तुम्ही काढून घेतलंत. गुरगुरणं म्हणजे ‘जवळ येऊ नका, मला भीती वाटते’. त्याच्याही आधी तो शरीर ताठ करत असणार, खाण्याचा वेग वाढवत असणार, डोळ्याच्या कडेने बघत असणार, ओठ चाटत असणार. ते कोणी वाचलं नाही म्हणून तो आवाजावर आला. आवाजाला शिक्षा झाली. मग उरले दात. रेल्वे फाटकावरची घंटा कर्कश वाजते म्हणून तिची तार तोडली, तर गाडी यायची थांबत नाही.

शिवाय ताट ओढून तुम्ही त्याची शंका खरी ठरवलीत : माणूस जवळ आला की जेवण जातं. ते उलटं करायचं. तो जेवत असताना दहा-बारा फुटांवरून चालत जा, जाता जाता त्याच्या ताटाच्या दिशेने उकडलेल्या चिकनचा तुकडा टाका, न थांबता पुढे जा. तुम्हाला पाहून त्याची शेपटी सैल हलू लागली की एक फूट कमी करा. याला आठवडे लागतात. तोंडातली वस्तू घ्यायची तर अदलाबदल करायची : त्याहून चांगलं काहीतरी दाखवायचं, त्याने सोडलं की ते द्यायचं, आणि शक्य असेल तर पहिली वस्तूही परत. मुलांनी या प्रयोगात अजिबात यायचं नाही. ताट बंद खोलीत. चावा झालेला आहे, म्हणून हे सगळं वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्याच्या देखरेखीत. आधी तब्येत तपासून घ्या, दात किंवा कान दुखत असले तरी कुत्री ताटापाशी चिडतात. सोडून देणं हा मार्गच नाही. घरात वाढलेलं जनावर रस्त्यावर टिकत नाही, आणि जिथे सोडाल तिथल्या कोणाच्या तरी पुतण्याला धोका.

आता तुमचं शेवटचं वाक्य. त्यासाठी मला एक जुना, वाचायला त्रास होणारा प्रयोग सांगावा लागेल. 1967 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन संशोधकांनी काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले. एका गटाला डोक्याने पाटी दाबून ते थांबवता येत, दुसऱ्या गटाने काहीही केलं तरी थांबत नसत. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवलं, की मधला आडोसा ओलांडला की झटक्यातून सुटका. पहिल्या गटाने उडी मारली. दुसऱ्यातली बहुतेक कुत्री जागच्या जागी पडून कण्हत राहिली. सुटका समोर होती, पण उठली नाहीत. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि तेच बरं. त्यातून ‘शिकलेली असहायता’ हा शब्द रूढ झाला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी लिहिलं की आम्ही उलटं समजलो होतो. लांबलेल्या त्रासापुढे निपचित पडणं शिकावं लागत नाही, ते आपोआप होतं. शिकावं लागतं ते हे, की आपण केलेल्या गोष्टीने काही फरक पडतो.

तुमच्या कुत्र्याने गुरगुरून पाहिलं, फरक पडला नाही. वहिनींनी सांगून पाहिलं.

मी त्या घरात राहत नाही, त्यामुळे त्यांच्या गप्प असण्याचा अर्थ मी लावणार नाही. पण ज्या माणसाने कुत्र्याच्या गप्प होण्याला वर्षभर ‘खोड मोडली’ म्हटलं, त्याने बायकोच्या गप्प होण्याला ‘शांतता’ म्हणावं, याने मला अस्वस्थ केलं. त्या ‘तुमच्यामुळे झालं’ म्हणायच्या तेव्हा तुम्ही काय उत्तर द्यायचात ते आठवा. मग एक वाक्य त्यांना जाऊन सांगा : ‘ताट ओढायचं नको होतं, तू म्हणत होतीस.’ त्यापुढे ‘पण’ लावू नका. त्या लगेच काही बोलल्या नाहीत तर ते गृहीत धरा. त्या कुत्र्यालाही आठवडे लागणार आहेत.

शंका : तुमच्या पद्धतीने आमचं पिल्लू तीन आठवड्यांत दाराशी बसायला शिकलं. खाऊ, शाबासकी, चुकीकडे दुर्लक्ष. हेच नवऱ्यावर केलं तर ओला टॉवेल पलंगावरून उठेल का? (एक वाचक, ठाणे)

समाधान : दर वर्षी हे पत्र येतं, आणि दर वर्षी ते ठाण्याहूनच का येतं मला माहीत नाही.

तुम्ही पहिल्या नाही. एमी सदरलंड या अमेरिकन लेखिकेने 2006 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक लेख लिहिला. प्राणी शिकवणाऱ्यांबरोबर राहून ती जे शिकली ते तिने नवऱ्यावर करून पाहिलं. मळका शर्ट टोपलीत टाकला की आभार, जमिनीवर टाकला की मौन. बऱ्याच अंशी जमलं. गंमत म्हणजे पुढे नवऱ्यानेही तीच युक्ती तिच्यावर वापरली.

तेव्हा टॉवेल उठेलही. करून बघायला माझी ना नाही, कारण यातला अर्धा भाग म्हणजे नुसता चांगुलपणा आहे. केलेलं काम दिसलं की तसं म्हणायचं. आपल्याकडे नवरा-बायकोंनी एकमेकांना ‘थँक्यू’ म्हणणं परकं वाटतं, पण ‘बरं झालं हं टॉवेल वाळत घातलास’ यात परकं काही नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी सिअ‍ॅटलमध्ये जोडप्यांची भांडणं वर्षानुवर्षं टिपून ठेवली. टिकलेल्या संसारांत, ऐन वादातसुद्धा, एका कडू बोलाला पाच बरे बोल असं प्रमाण त्यांना आढळलं. पाच ते सहा वर्षांच्या मुलांच्या आयांना हा हिशेब पाठ असतो, नवऱ्याच्या बाबतीत त्या तो विसरतात.

उरलेल्या अर्ध्या भागाला मात्र माझा विरोध आहे. कॅरेन प्रायर हवाईमध्ये डॉल्फिन शिकवायच्या, तिथून ही शिट्टी-आणि-मासा पद्धत कुत्र्यांपर्यंत आली. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, रागावलात तर तो पोहत लांब जातो. म्हणून गोड बोलून घ्यावंच लागतं. नवराही उठून गॅलरीत जातो, इथवर साम्य आहे. पण डॉल्फिनला किंवा तुमच्या पिल्लाला ‘ओल्या टॉवेलने गादीला वास येतो’ हे वाक्य सांगता येत नाही, म्हणून आपण इतकी यातायात करतो. नवऱ्याला ते सांगता येतं. कुत्र्याला सांगता येत नाही म्हणून शिकवावं लागतं. माणसाला सांगता येत असून आपण गुपचूप शिकवत बसतो, आणि कळलं की तो चिडतो. मीही चिडले असते. चुकीकडे दुर्लक्ष हे पिल्लाच्या बाबतीत संयम असतं, माणसाच्या बाबतीत त्याला अबोला म्हणतात.

आधी एकदा सरळ सांगून बघा. ‘तुला कधी कळणारच नाही’ अशी सुरुवात नको. टॉवेल, पलंग, वास, एवढंच.

शंका : दिवाळीत आमची कुत्री थरथरते, बाथरूममध्ये लपते. मी जवळ घेते. नवरा म्हणतो, जवळ घेतलंस की भीतीला खतपाणी मिळतं. (एक वाचक, डोंबिवली)

समाधान : खुशाल जवळ घ्या. भीती ही युक्ती नव्हे, की बक्षीस मिळालं म्हणून ती वाढेल. खाऊसुद्धा द्या. ती स्वतःहून बाथरूम निवडत असेल तर तिथेच गादी टाका, खिडकी बंद, पंखा आणि रेडिओ चालू. संध्याकाळचं फिरणं उजेडात उरका, गळ्यात फोन नंबरची पट्टी असू द्या. घाबरून दोरी तोडून पळालेली कुत्री लक्ष्मीपूजनाच्या रात्री हरवतात. दोन-तीन महिने आधीपासून फटाक्यांचा आवाज फोनवर अगदी हळू लावून त्याच वेळी खायला देता येतं, आवाज रोज किंचित वाढवायचा, ती खाणं थांबवेल तर मागे यायचं. भीती फारच असेल तर पशुवैद्य गोळ्या देतात, त्यात कमीपणा नाही. स्वतःच्या मनाने माणसांच्या गोळ्या देऊ नका. आणि फराळाच्या ताटांतून चॉकलेट, बेदाणे उचलून ठेवा, कुत्र्यांना दोन्ही विषारी.

नवऱ्याला बाथरूमच्या दाराशी पाच मिनिटं बसवा. तिथे बसून त्याचं मत काय होतं ते कळवा.

शंका : वय 68. यजमान निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी मुलाने कुत्रा आणून दिला. त्याच्याशी हे दिवसभर बोलतात. ‘काय रे, आज पाऊस येणार वाटतं’, ‘चहात साखर कमी पडली बघ.’ माझ्याशी कामापुरतं. कुत्र्याचा राग येतो आणि मग त्या रागाची लाज वाटते. प्रश्न काय विचारू तेच कळत नाही. (एक वाचक, सांगली)

समाधान : काकू, लाज कसली. राग योग्य पत्त्यावर नाही, इतकंच.

चहात साखर कमी पडली हे कुत्र्याला कशाला सांगायचं? कुत्र्याने तो केलेला नाही. हे वाक्य तुमच्यासाठी आहे, ते फक्त कुत्र्यामार्फत पाठवलंय. कुत्रा टपालखातं झालाय. मी कितीतरी घरांत हे पाहिलंय : माणूस कुत्र्याशी बोलतो कारण कुत्रा मान वर करतो. ‘मग मी काय करू?’ म्हणत नाही, ‘काल तुम्हीच म्हणालात’ म्हणत नाही. नुसती मान वर करतो.

गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं होतं आणि सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली होती. एकाने काहीतरी किरकोळ म्हणायचं, ‘तो पक्षी बघ’ वगैरे, आणि दुसऱ्याने तिकडे वळायचं किंवा नाही. आपल्याकडे याला फार पूर्वीपासून शब्द आहे, साद. एकत्र राहिलेल्यांनी शंभरातल्या 86 सादांना ओ दिली होती, वेगळे झालेल्यांनी 33. साद मोठी नसतेच. पाऊस येणार वाटतं, एवढीच असते.

उद्या ते कुत्र्याला म्हणाले की पाऊस येणार वाटतं, तर स्वयंपाकघरातून तुम्ही ओ द्या. ‘पश्चिमेकडून भरून आलंय खरं.’ वाळवण आत घ्या असं त्याला जोडू नका, निदान पहिल्या दिवशी. ते दचकतील. कदाचित उत्तरही देणार नाहीत. परवा पुन्हा. आणि तुमच्याही सादा असतील, दहा वर्षांत विरून गेलेल्या. त्यांतली एखादी त्यांच्याकडे टाकून बघा. सगळी जबाबदारी तुमचीच असं मी म्हणत नाही. यजमान हे सदर वाचत असतील तर त्यांनी पुढचा चहा स्वतः करून साखरेचा प्रश्न सोडवावा.

संध्याकाळी कुत्र्याला फिरवायला तेच नेतात ना? तुम्हीही जा. शेजारी शेजारी चालताना तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. कुत्र्याला वास घेत रेंगाळू द्या, ओढू नका, त्याचा तोच पेपर असतो. कृष्णेच्या घाटापर्यंत दोरी त्यांच्या हातात, परत येताना तुमच्या.